दाईचं दूध

धाकट्या बहिणीस, बुन्हीस ताईचा आशीर्वाद. महालात मी मजेत आहे. हिवाळ्यासाठी मुळ्याच्या लोणच्याचे रांजण जमिनीत पुरलेस का?

काल राजांसमोर दोन्ही राजपुत्रांचा पाठ झाला. धाकटा घडाघडा बोलला. मी पाजलेला युवराज मधेच थांबला. म्हाताऱ्या गुरुजींना ढास लागली, म्हणून उठून त्यांना पाणी दिलं. मंत्री म्हणाले, "इतका मऊ मुलगा राज्य काय करणार? दाईचंच दूध भित्रं!"

धाकट्याची दाई माक्दोक मला विचारते, "काय गं, दूध पाजलंस की ताक?" तिचं थोबाड बघवत नाही. धाकट्याला गादी मिळाली तर ती मिरवेल, मला हाकलतील.

मी इकडे आले, माझी लेक ओक्दान तुझ्या दुधावर वाढली. धीट आहे का गं ती? असली, तर मला कळवू नकोस.

तुझी ताई