खालच्या खोलीचा फोटो

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, पण भाव अख्खा आहे). भाऊजींचा खोकला कसा आहे? औषधाची टाळाटाळ करत असतील तर चमचा तूच धर. आम्ही दोघं ठीक. हिच्या मते मी ठीक नाही, पण तिचं हे मत लग्नापासूनचं आहे.

तू विचारलंस, मागच्या दोन खोल्या कायमच्या भाडेकरूला द्याव्यात की सुटीला येणाऱ्या पाहुण्यांना. बरं केलंस मला विचारलंस. मी दोन्ही करून बसलोय. खाली भाडेकरू, वर पाहुणे आणि मधल्या जिन्यात मी. या धंद्यात माणूस श्रीमंत होतो की नाही ते अजून कळलेलं नाही, पण थक्क मात्र रोज होतो. लोक आपलं चांगलं घर कुलूप लावून बंद करतात, बॅगा ओढत आपल्याकडे येतात, खिडकीतून समोरची भिंत बघतात आणि म्हणतात, किती शांत वाटतं हो इथे! ती भिंत मी जन्मभर बघतोय. मला ती कधी शांत वाटली नव्हती. त्यांनी म्हटल्यावर मुद्दाम वर जाऊन पाहिली, तर खरंच शांत आहे गं.

तर सल्ला असा. करार लिहून घे, भाडेकरू कितीही सज्जन असो (सज्जनाचा तर आधी घे, कारण त्याच्याशी नंतर भांडता येत नाही). पाहुण्यांसाठी चादरी पांढऱ्याच घे. रंगीत चादरीत डाग लपतो, आणि पाहुण्याला नेमका न दिसणाऱ्या डागाचाच संशय येतो. गिझर कसा लावायचा ते गिझरशेजारीच लिहून चिकटव, नाहीतर अंगाला साबण लावलेला एखादा बँक मॅनेजर पंचा गुंडाळून तुझ्या दारात उभा राहील, आणि पुढे बँकेत गेल्यावर दोघांनाही कुठे बघावं कळणार नाही. भाडेकरूचा नळ गळायला लागला तर त्याच दिवशी प्लंबर आण. आठवडा गेला की नळाबरोबर भाडेकरूही सुरू होतो.

राहिला पाहुण्यांना दाखवायच्या खोलीच्या फोटोचा मुद्दा, आणि तिथेच माझं घोडं पेंड खातंय. ताई, आमच्या मेट्रनबाई खोली सोडून चालल्या आहेत.

तू त्यांना पाहिलेलं नाहीस. खालच्या खोलीत राहतात, मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, आता निवृत्त आहेत. निवृत्त म्हणजे फक्त पगारातून. त्या खोलीबाहेर आल्या की मी उगाचच ताठ उभा राहतो. घंटागाडीवाला कचरा सांडत नाही. आणि त्यांची खोली! निळी खुर्ची, खिडकीत कुंडी, पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नाही. मी भाडं घ्यायला जायचो आणि दारातच चपलांबरोबर आवाजही काढून ठेवायचो.

वरची खोली पाहुण्यांना द्यायचं ठरलं तेव्हा संगणकावर टाकायला मी तिचे फोटो काढले. ते इतके भयाण आले की ही म्हणाली, इथे कोणाला डांबून ठेवलं होतं का? नेमक्या तेव्हा मेट्रनबाई बाजारात गेल्या होत्या आणि नळाच्या कामासाठी किल्ली माझ्याकडे होती. मी त्यांच्या खोलीचे फोटो काढले. तेच टाकले. (डोळे मोठे करू नकोस. खोली माझीच आहे, असा विचार मी केला. घरमालकाला हा विचार फार पटकन सुचतो.)

पाहुणे यायला लागले. वरची खोली पाहून चेहरे पडायचे, पण बॅगा जिना चढून आलेल्या असल्यामुळे लोक राहायचे. मग आलं ते नवं जोडपं. आम्ही दोघं बाहेर गेलो होतो, मेट्रनबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या आणि त्यांचं दार उघडं होतं. जोडप्याला फोटोतली निळी खुर्ची दिसली, आपली खोली सापडली म्हणून ती दोघं आत शिरली. आम्ही परतलो तेव्हा मुलगी मेट्रनबाईंचे कपडे अगदी हळुवार हाताने एका कप्प्यात सारत होती, नवरा मेट्रनबाईंच्या पलंगावर गाढ झोपला होता आणि दारात रिकामी बादली घेऊन साक्षात मेट्रनबाई उभ्या होत्या.

मी हिच्या मागे सरकलो. पण त्या ओरडल्या नाहीत. आत गेल्या, त्या मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याला ताप आहे. कोणी उठवायचं नाही." मुलीला रडू फुटलं, तिला त्यांनी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायला बसवलं. स्वतःची खोली त्यांनी त्या दोघांना दिली, मुलगा उठून हसायला लागेपर्यंत, आणि स्वतः वरच्या खोलीत राहिल्या. वरच्या, ताई! ज्या पलंगावर कूस बदलली की शेजारचं कुत्रं भुंकतं, त्या! असं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ते जोडपं जाताना त्यांच्या पाया पडलं. मलाही पडावंसं वाटत होतं, पण भाडं घेणाऱ्याने पडावं की नाही याचा नियम मला माहीत नाही.

मग त्यांनी मला बोलावलं. "माझ्या खोलीचा फोटो जगाने पाहिला आणि मला ते पाहुण्याकडून कळलं. न सांगता पेशंटलासुद्धा सुई टोचत नाहीत. मी दुसरी जागा बघते." आवाज चढला नाही, तेच मला जास्त लागलं. मी फोटो काढून टाकले, माफी मागितली, हिने मागितली, दोघांनी मिळून मागितली. त्या म्हणाल्या, राग नाही, पण जाणार. आणि जाता जाता हिला चादरीचे कोपरे इस्पितळासारखे दुमडायला शिकवतायत, माझ्या पाहुण्यांसाठी!

तेव्हा पाहुणे की भाडेकरू, याचं उत्तर तूच काढ. कळावे, लोभ आहेच.

तुझा धाकटा

ता. क. मोठेपणा मिरवायच्या नादात मी मेट्रनबाईंना सांगून बसलो की माझी ताई दोन खोल्या भाड्याने देतेय आणि मीच तिला सल्ला देतोय. त्यांनी शांतपणे तुझा पत्ता मागितला. मी दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रविवारी त्या तुझ्याकडे येतील. खोल्या गेल्या म्हणून सांग, म्हणजे कदाचित त्या इथेच राहतील. एवढ्यासाठीच हे पत्र.

पुन्हा ता. क. वरचं पत्र वाचून पाहिलं. त्यांना तुझ्यापासून लांब ठेवायचं होतं आणि मी तर त्यांचं स्थळ सुचवल्यासारखं लिहिलंय. शिवाय तुला खोटं बोलता येत नाही, आणि त्यांच्यासमोर तर कोणालाच येत नाही.

शेवटचं. खोली दे त्यांना. सकाळचं ऊन येतं ती दे. मी आता अधूनमधून तुला भेटायला येत जाईन. इतकी वर्षं का नाही आलास, हे मात्र त्यांच्यासमोर विचारू नकोस.