वजा चारचं वर्गमूळ आणि कावळा

प्रिय बाबा,

आज पितृपक्षातला तुमचा पहिला म्हाळ. पाहुणे जेवून गेले, भांडी घासून उपडी घातली, तरी माझं डोकं तापलेलंच आहे. म्हणून लिहायला बसले.

काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर, सगळं मी केलं. अंगणात कावळ्याचं पान ठेवलं. आईला सांभाळीन म्हटलं, आंब्याची कलमं विकणार नाही म्हटलं. कावळा आपला माडावर बसून बघतोय! मग आली कुडाळहून तुमची लाडकी विद्यार्थिनी, मैथिली. हात जोडून म्हणाली, "सर, आधी i बाहेर काढीन, मगच गुणाकार करीन." आणि शिवला की हो कावळा! पोटच्या मुलीने घसा कोरडा केला त्याचं काहीच नाही?

माझी अकरावी आठवते? वजा चारचं वर्गमूळ गुणिले वजा नऊचं वर्गमूळ. मी दोन्ही वजा एकाच मुळाखाली गुणले, छत्तीस आले, उत्तर लिहिलं सहा. तुम्ही खडू टाकलात. "ऱ्हवांदे गो, तुका जमाचा नाय." मग मला कधी शिकवलंच नाहीत.

पुढे मैथिलीने तीच चूक केली, तर तिच्यासाठी पडवीत अख्खी संध्याकाळ घातलीत. मी आतून चहा आणून देत होते. जळत होते बाबा, आणि आजही जळते.

आज तिला विचारलंच, असं काय गं होतं तुझ्यात? तर म्हणाली, हा धडा आला की सर दरवर्षी आधी सांगायचे, "ह्यां माझ्या चेडवाक शिकवताना मी वैतागलंय. माझाच चुकला. तुमच्यार वैतागूचंय नाय."

ते चेडू, ती लेक मीच ना? म्हणजे तिला मिळाला तो धीर माझ्या वाट्याचा होता! अख्ख्या वर्गाला सांगितलंत, मला एकदा सांगायला काय झालं होतं?

शेवटी तिच्याकडूनच शिकले. वजा चारच्या वर्गमुळातून i आधी बाहेर काढायचा, की राहतात दोन i. वजा नऊचे तीन i. गुणाकार सहा i वर्ग, आणि i चा वर्ग वजा एक. म्हणून उत्तर वजा सहा. एवढंच होतं? जमलं की मला.

पुढच्या म्हाळाला मैथिली यायच्या आत मी पानासमोर हे गणित सोडवून दाखवीन, शब्द देते. पण तेव्हा माडावर बसून राहायचं नाही. माझ्या पहिल्या हाकेला खाली यायचं.

तुमचंच चेडू,
शैला