आधी अंघोळ, मग हजामत

आबा, आज तुम्ही असता तर तुम्हाला गाडीत घालून इथं शिमल्याला आणलं असतं. इथं घराच्या भिंतीच लाकडाच्या हायेत की! माती नाही, दगड नाही, खालपासून आढ्यापर्यंत नुसत्या देवदाराच्या फळ्या. सोलापुरात आपण दारं केली, कपाटं केली, आणि इथं मला एकट्याला अख्खी बैठकीची खोली रंगवायला मिळाली. इथल्या मुकादमानं बजावलं होतं, भिंतीवर डाग उठला तर परत मजुरांबरोबर मातीच्या पाट्या उचलायला जायचं.

मला ते पेठेतलं कापडाचं दुकान आठवतंय. तुम्ही सुतार, मी तुमच्या हाताखाली. दुकानाच्या लाकडी भिंतीला आत मुरणारा रंग द्यायचा होता. मी घाईघाईनं काचपेपर मारून फळ्या गुळगुळीत केल्या आणि वरनं ओल्या फडक्यानं पुसल्या. वाळल्यावर हात फिरवला तर सगळी खरखर, दाढी वाढल्यागत. तुम्ही पान लावत बसला होता. म्हणालात, "काय रं, न्हाव्याकडनं आलंय व्हय लाकूड? हजामत करून आलास की तुजी आय आंगोळ केल्याबिगर घरात घेत न्हाय. लाकडाचं उलटं असतंय. पानी लागलं की त्येचं केस उभं ऱ्हात्यात. आदी आंगोळ, मग हजामत." दुकानदार खो खो हसला. मला लई राग आला होता तुमचा.

परवा इथं मी सोड्याच्या पाण्यानं धुराची काजळी आणि हाताचा तेलकटपणा घासून काढला, मग साध्या पाण्यानं फळ्या धुतल्या. मुकादम ओरडतोय, "ओ मराठे, लकड़ी को नहला क्यों रहा है? शादी है इसकी?" मी म्हटलं, "हां जी, हल्दी बाकी है!" सगळे हसले. वाळल्यावर केस उभे राहिलेच. मग लाकडाच्या रेषेच्या अंगानं हलक्या हातानं काचपेपर मारला, कोरड्या फडक्यानं धूळ टिपली आणि आज सकाळी रंग दिला. आबा, कसा मुरला म्हणून सांगू! कुठं काळा डाग नाही, कुठं फिका पट्टा नाही. मुकादम भिंतीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पूरा घर तू ही करेगा."

मी लगेच हो म्हणून बसलो. घर संपेस्तोवर दिवाळी होऊन जाईल, आणि आईला तर येतो म्हणून कळवलंय. तिला आज दुसरं पत्र टाकीन. हा कागद कुठं टाकायचा नाही, म्हणून यात खरं लिहितो. दिवाळी चुकणार याचं मला जरासुद्धा वाईट वाटत नाहीये.