मक्याच्या कणसाचा खटला

क्लोव्हर बेंड, नेब्रास्का
मार्चमधला दुसरा मंगळवार

प्रिय मार्लिसताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? गॉर्डनभावोजींचा खोकला थांबला का? इकडे बर्फ वितळलं, अंगणभर चिखल आहे, डोरीनची तब्येत उत्तम, आणि माझ्या नावावरचा गुन्हा पुसला गेला. (ही शेवटची बातमी मुद्दाम हवापाण्यात मिसळून दिली. ती कशी सांगावी या विचारात दोन कागद फाडून झालेत.)

त्याचं असं झालं, की बियाण्यांचा कारखाना बंद झाल्यापासून मी घरी बसलो आहे, आणि इतका नवरा डोरीनने लग्नात कबूल केलेला नव्हता. तिने शाळेच्या बसवर ड्रायव्हर हवा असल्याचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. त्यात प्रश्न होता : कोणत्याही वयात, परवानगीवाचून वाहन नेल्याचा ठपका? मी लिहिलं, होय. डोरीनने चष्मा काढला. तीस वर्षांच्या संसारात मी तिला हे सांगितलेलं नव्हतं. मग सांगावंच लागलं : मी तेरा वर्षांचा, तू सतरा, आई हॉस्पिटलात, मक्याच्या जत्रेची मिरवणूक तिला पहिल्यांदाच चुकलेली, म्हणून मिरवणूक संपल्यावर हाव्लिकबाईंचा ट्रॅक्टर, मागे जोडलेल्या अठरा फुटी कणसाच्या चित्ररथासकट, आपण अकरा मैल हॉस्पिटलपर्यंत नेला, आणि येताना सात टपालपेट्या पाडून खड्ड्यात घातला. तुझी शिष्यवृत्ती जाऊ नये म्हणून चालवणारा मी होतो असं शेरिफला सांगितलं, हेही तिला सांगितलं. त्या दिवसापासून डोरीन माझ्याकडे जरा आदराने बघते. (कचरा मात्र अजून मीच बाहेर नेतो.)

लहानपणीचा गुन्हा अर्ज केला की पुसून मिळतो, असं कळलं. म्हणून कोर्टात गेलो. तिथल्या ट्रिशने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाली, ‘‘तुमचं काही दिसत नाही.’’ मी म्हटलं, छान, मग पुसलंच की. ती म्हणाली, ‘‘नाही असं नाही, सापडत नाही. सापडल्याशिवाय पुसता येत नाही.’’ तेव्हा ताई, तळघरात बसून मी तीन दिवस स्वतःचा गुन्हा शोधत होतो. दुसऱ्या दिवशी तर मला काळजी वाटायला लागली, की हरवला तर? तिसऱ्या दिवशी तो गटारांच्या नकाशांच्या खोक्यात, आपल्या कुबिक आडनावाऐवजी कुबेक नावाखाली मिळाला. वर शेरिफच्या अक्षरात : ‘आरोपीची उंची चार फूट सात इंच. पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही. आरोपीला गुन्हा कबूल आहे.’ मी एकटाच हसत बसलो. मग पुढचं पान उलटलं. ती हॉस्पिटलमधल्या नर्सची जबानी होती. ‘कणीस सव्वाचार वाजता हिरवळीवर आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मिसेस कुबिक उठून खिडकीशी उभ्या राहिल्या. आधाराशिवाय. तीन आठवड्यांत त्या उठल्या नव्हत्या. हसून हसून त्यांना खोकला आला, तरी खिडकी लावू देईनात.’ मी त्याच खोक्यावर बसून राहिलो. ट्रिश वरून दोनदा हाक मारून गेली.

सुनावणीची नोटीस ज्याचं नुकसान झालं त्यालाही जाते. हाव्लिकबाई आता एक्याण्णव वर्षांच्या. वॉकर ढकलत, चर्चची हॅट घालून त्या आल्या. न्यायाधीशबाईंनी (आपल्या खटल्यानंतर जन्मलेल्या असाव्यात) विचारलं, तुमची काही हरकत?

‘‘आहे तर,’’ हाव्लिकबाई म्हणाल्या. ‘‘ह्याने ट्रॅक्टर चालवलाच नाही. हा कणसावर बसून बोंबलत होता. चालवत होती ती ह्याची वेणीवाली बहीण. माझ्या स्वयंपाकघरातून मी बघितलं ना!’’

‘‘मग तेव्हाच का नाही बोललात?’’

‘‘पोरीला कॉलेजात जायचं होतं. आई त्यांची मरायला टेकलेली. आणि ट्रॅक्टर माझा होता. कुणावर रागवायचं ते मी ठरवणार.’’

न्यायाधीशबाई माझ्याकडे वळल्या. ‘‘मिस्टर कुबिक, खरं काय?’’ चाळीस वर्षं जपलेलं एका म्हातारीने एका दमात मांडून ठेवलं. मी कसाबसा म्हणालो, ‘‘बाईसाहेब, पाय पोचत नव्हते.’’ त्यांनी कागद तोंडापुढे धरला. तो बराच वेळ हलत होता. मग सही केली.

आता हे कागद कायमचे मोहोरबंद होणार, म्हणून मी नर्सचं ते पान तेवढं मागितलं. नियमात बसत नाही म्हणाल्या. मग स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ट्रिशला म्हणाल्या, ‘‘हे पान इथे चुकून लागलंय. यात कुठलाच गुन्हा नाही.’’ ते सोबत पाठवतो आहे. ते तुझ्याकडेच असायला हवं.

तुझा,
डेल्विन

ता.क. बसची नोकरी मिळाली. सोमवारपासून रुजू.

ता.ता.क. आता खरं काय ते लिहितो. वर शिष्यवृत्तीचं लिहिलंय ते खोटं आहे. तेराव्या वर्षी मला शिष्यवृत्ती म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला वर्गात सांगायचं होतं, की कणीस मी चालवलं. सांगितलं आणि आठवीचं अख्खं वर्ष राजासारखा राहिलो. तू मात्र तेव्हापासून माझं ऋण समजून दर नाताळला एक स्वेटर पाठवतेस, आणि आलीस की माझ्या ताटाकडे बघत अर्धपोटी उठतेस. स्वेटर एकोणचाळीस झाले. पुरे आता. ईस्टरला ये, आणि या खेपेला पोटभर जेव.