उलटी कळी

प्रिय ओळंबाबाई,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. तुझी आई सकाळीच माझ्याशी भांडून बाजारात गेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम. मला लिहायची सवय नाही, दगडावर एक अक्षर कोरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मला कागदावरही लागतो. पण फोन मी उचलला की तू लगेच आईला मागतेस. दोन वर्षं झाली याला. म्हणून म्हटलं, कागदच बरा, तो तुझ्या हातात पडला की 'आईला द्या' म्हणता येणार नाही.

आधी बातमी सांगतो. आपलं चर्च वारसा यादीत गेलं! त्याची नोंद करायला वारसा खात्याच्या एक बाई चार दिवस इथे मुक्कामाला होत्या. डोक्यावर टोपी, हातात पट्टी, आणि परांचीवर चढायला तुझ्याइतक्याच धीट. त्यांनी फादरांकडे चर्चचे जुने कागद मागितले. फादरांनी कपाटातून एक वही काढली, तिची वाळवीने पार चाळण केलेली. मग फादर मला म्हणाले, आता तुम्हीच बोला. माझं तुला माहीत आहे, मला बोलायला सांगणं सोपं, थांबवणं अवघड.

मी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. आधीचं चर्च लाकडाचं होतं आणि या हवेत लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. एका रविवारी त्या वेळचे फादर प्रवचन देता देता कठड्यावर जरा रेलले आणि कठड्यासकट खाली गेले. लागलं काही नाही, पण खालूनच त्यांनी जाहीर केलं की आता दगडाचं बांधायचं. माझे पणजोबा खाडीपलीकडच्या खाणीतून पहिला दगड घेऊन आले ते असे. सोळा वर्षं काम चाललं. चुना शिंपले भाजून केला. भिंती एवढ्या जाड की आत शिरलं की बाहेरचा उकाडा दारातच थांबतो. पुढे वादळात सगळ्या गावाची छपरं उडाली तेव्हा अख्खं गाव अकरा दिवस आत राहिलं, आणि माझी आत्या तिथेच, गाणाऱ्यांच्या बाकांमागे जन्मली. आत्या जन्मभर सांगायची, माझ्या जन्माच्या वेळी वर घंटा वाजत होती. वाऱ्याने वाजत होती, हे सांगायची कुणाची छाती नव्हती. बाईंनी आत्यासुद्धा लिहून घेतली.

मग त्यांना मी आपली रीत समजावली. खाणीत दगडाची जी बाजू आभाळाकडे, तीच भिंतीत आभाळाकडे ठेवायची. म्हणून घडवायला घेण्याआधीच पाठीवर गेरूने वरच्या दिशेचा बाण काढायचा. कोरीव काम झालं की पाकळ्या दुखावू नयेत म्हणून तोंडाला गोणपाट शिवून टाकायचं. बसवणाऱ्याला कोरीव काम दिसतच नाही, दिसतो फक्त बाण. त्या बाणावर विश्वास ठेवून दगड बसवायचा आणि चुना धरला की तीन आठवड्यांनी गोणपाट काढायचं. बाईंना हे फार आवडलं. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमचं सगळं काम भरवशावर चालतं. मी हो म्हटलं आणि विषय बदलला.

समुद्राकडच्या भिंतीकडे मी त्यांना शेवटी नेलं. खरं तर न्यायचंच नव्हतं. खाऱ्या वाऱ्याने झिजलेल्या आठ दगडी कळ्या आपण बदलल्या, त्याच त्या. मी कोरल्या, तू बसवल्यास. सात कळ्या सरळ, देठ खाली, तोंड वर. पाचवी उलटी टांगलेली. तू गेल्यावर एका चिमणीने तिच्या उलट्या पानांच्या खोबणीत घरटं केलं आहे, बाकीच्या सातांवर तिला पाय ठेवायला जागा नाही. शाळेतली पोरं रोज खाली ओणवी होऊन पायांमधून ती कळी 'सरळ' करून बघतात. फादर तर एकदा प्रवचनात म्हणाले की ती नम्रतेची खूण आहे. मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, गवंडी नम्र झाला.

गोणपाट काढलं तो दिवस मी विसरलेलो नाही, तूही नसशील. सगळं गाव खाली जमलेलं, आणि मी परांचीवरून ओरडलो होतो, "आपल्या घराण्यात पहिल्यांदाच आंधळा कारागीर निपजला." तू ओळंबा गुंडाळलास, माझ्या पेटीत ठेवलास आणि आठवड्याभरात शहरात फरशांच्या दुकानात नोकरीला गेलीस. लहानपणी भिंतीवरचं कॅलेंडर केसभर तिरकं असलं तरी ज्या मुलीला झोप यायची नाही, म्हणून भिंत सरळ आहे का बघायच्या ओळंब्यावरून जिचं नाव ओळंबाबाई, ती आता लोकांना न्हाणीघराच्या फरशा दाखवते. आईने हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, बरं झालं, सावलीत बसून काम आहे. बरं काही झालं नव्हतं.

तर बाई त्या कळीखाली उभ्या राहिल्या. खाली फादर, शाळेचे मास्तर, पोरं, निम्मं गाव. बाईंनी दगडांच्या सांध्यावर नख फिरवलं. नख आत जाईना. त्या म्हणाल्या, असा सांधा मी फार वर्षांत पाहिला नाही, कुणी बसवले हे दगड? मी म्हणालो, माझ्या मुलीने. मग त्यांनी वर बघून विचारलं, "आणि ही उलटी कळी तिची चूक का?"

हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता सांगतो. तू गेल्यावर महिन्याभराने मी तो दगड काढायला आतल्या बाजूने गेलो होतो. मागचे दोन दगड हलवले आणि पाठ दिसली. बाण तिथे होता, टोकाला आकडी असलेला, माझ्याच हातचा. तू दगड बाणाप्रमाणे अगदी बरोबर बसवला होतास, बाणच उलटा होता. मग मला आठवलं. दगड अंगणात असताना पावसाची सर आली आणि गेरू धुऊन गेला. गोणपाट उसवून बघायचा मला कंटाळा आला. म्हटलं, चाळीस वर्षं दगड हाताळतोय, मला काय बघायची गरज. अंदाजाने बाण काढला आणि तुला हाक मारली. त्या दिवशी ते दोन दगड मी परत जागच्या जागी लावले आणि घरी येऊन आईलाही काही बोललो नाही. आंधळा कोण होता ते मला कळलं होतं, पोरी, सांगायची हिंमत झाली नाही. परवा बाईंनी विचारलं तेव्हा मात्र मी सगळ्यांदेखत, तुला बोललो होतो तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, "चूक माझी आहे. तिचा हात बरोबर होता." फादरांचा चेहरा बघण्यासारखा झाला, त्यांची नम्रता हातची गेली. मी बाईंना म्हणालो, आता हा दगड काढून सरळ करतो. तर त्या हसत म्हणाल्या, काका, उशीर झाला, यादीत गेलेल्या इमारतीचा धड असलेला एक दगडही आता हलवता येत नाही. म्हणजे माझी चूक आता सरकारी संरक्षणात आहे. त्यांनी नोंदीत लिहिलंय ते असं: पाचवी कळी उलटी, खूण करणाऱ्या गवंड्याची चूक, बसवणारीचे काम निर्दोष. मी ते दहा वेळा वाचलं आणि दर वेळी मला रडू आलं आणि आनंदही झाला. आईला कालच सांगितलं, आज सकाळचं भांडण त्याचंच होतं आणि ते मला हवंच होतं. आता आणखी नऊ झिजलेल्या कळ्या बदलायच्या आहेत, खात्याने परवानगी दिली आहे, आणि कारागीर म्हणून बाईंनी तुझं नाव मागितलं आहे. मी अजून दिलेलं नाही, ते द्यायचं की नाही हे तू ठरवायचं. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, तो हक्क मी घालवला आहे. पण आलीस, तर तुझा ओळंबा पेटीत आहे, दोरी नवीन घातली आहे. या वेळी बाण तू काढ, दगड मी बसवीन. आणि गोणपाट उसवून बघणार नाही.

तुझाच, उलट्या बाणाचा धनी,
बाबा