शेवटची पाच मिनिटं

अगं, तुला उठवलं असतं तर माझा पाय निघाला नसता. बोटीची वेळ झाली, निघालो.

कॅमेऱ्याचा फॉरमॅट बदलून ठेवलाय, आता तो बदलू नकोस. मागच्या वेळी कार्ड पुरावं म्हणून तू लहान फॉरमॅट लावलास. तू पाठवलेलं एडिटिंगला घेतलं की चित्र पुढे, आवाज मागे. आपली पोरगी गाणं संपवून पळून जायची, मग तिचा आवाज यायचा. बोटीवर आठ महिने तेच जुळवत बसलो होतो.

मोठ्या फॉरमॅटमध्ये कार्डावर चाळीसच मिनिटं मावतात. पस्तीस तिची घे. शेवटची पाच मिनिटं कॅमेरा तिच्या हातात दे. एवढ्या शूटिंगमध्ये तू एकदाही दिसत नाहीस, नुसतं "बाबांना टाटा कर" ऐकू येतं.

तिच्या हातून तुझं डोकं फ्रेमबाहेर राहिलं तरी चालेल. हात तरी दिसतील.