बुरशीचं विरजण

५ जानेवारी, रवि.
सोनल दोन दिवस राहून पुण्याला परतली. लेकीनं जाताना फडताळात एक पुडी ठेवली. बुरशीचं विरजण. जन्मभर लोणच्यावर, पापडावर बुरशी धरू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला आणि पोटची पोर म्हणते, आई, मुद्दाम धरव. सोयाबीन भिजवायचं, सालं काढून शिजवायचं, कोमट झालं की पुडीतलं चिमूटभर लावून उबेत ठेवायचं. पांढरी जाळी धरली की वड्या कापून भाजायच्या. नाव टेम्पे.

सगळं यांच्या लिव्हरसाठी. सोनोग्राफीत चरबी निघाली, रक्तातही. डॉक्टरांनी गोळी दिली आणि तूप-मटण कमी करायला सांगितलं. कमी म्हणजे किती, ते यांनी विचारलं नाही. मीही नाही.

सोनलच्या लॅबमध्ये उंदरांना तुपकट खायला घालतात. काहींना त्यासोबत असलं आंबवलेलं. त्यांच्या लिव्हरवर चरबी कमी दिसली म्हणे. बुरशी वाढताना एन्झाइम सोडते, ती दाण्यातलं प्रथिन, चरबी आधीच फोडून ठेवतात. तिनं बरंच समजावलं. यांनी एवढंच ऐकलं, 'चरबी फोडतं.'

९ जाने.
थंडी फार. पहिला घाणा नुसताच आंबला, म्हशीला घातला. आज सासऱ्यांची घोंगडी काढली. मेंढरांमागं हिंडताना त्यांच्या खांद्यावर असायची ती. त्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवलंय. बघू.

११ जाने.
सकाळी उघडून पाहिलं, पांढरंशुभ्र. कांदा खुरपून येते नि मग कापते म्हटलं. आले तर थोरल्या जाऊबाईंनी सगळं चोळून धुऊन गच्चीवर वाळत घातलेलं.
"केवढं बुरसलं व्हतं गं. म्या कुनाला सांगत न्हाई, काळजी करू नगंस."
माझ्या अब्रूसाठी बिचारीनं थंड पाण्यात हात घातले. त्यांना चहा करून दिला.

१९ जाने.
जमलं एकदाचं. अळिंबीसारखा वास. लसणाची चटणी चोळून तव्यावर भाजलं. यांनी तोंड वाकडं न करता खाल्लं, याचंच नवल. संध्याकाळी सोनलचा फोन, "दादांना दे." पूर्वी फोन म्हणजे कधीतरी, तोही कामापुरता. आता रोज. बापलेक तासन्‌तास जाळी धरली का, ऊब जास्त झाली का, यावर बोलतात. बरं वाटतं. थोडा हेवाही वाटतो. विरजण लावते मी.

२ फेब्रु., रवि.
कळंबला नणंदेच्या नातवाचं जावळ. मटण, वर बोटभर तर्री. मी बायकांत वाढायला होते. यांच्या पंगतीशी आले तर यांचा आवाज,
"वाढ गं अक्के, भिऊ नगं. गोळ्याबी सोडल्यात म्या. पोरीनं बुरशी दिलीया, समदी चरबी खाऊन टाकती."
पंगत हसली. नणंदेनं कौतुकानं आणखी एक पळी ओतली. गोळ्या सोडल्याचं मला असं कळलं, हातात भाताचं पातेलं धरून.
निघताना बायका विरजण मागायला लागल्या. सगळ्यात पुढं जाऊबाई. "आमच्याबी ह्यांना लागू पडंल की."

३ फेब्रु.
सोनलला सांगितलं. म्हणाली, "आई, ते उंदीर होते गं." आणि रडायला लागली. माणसांचं अजून नीट ठाऊक नाही. गोळीऐवजी खा असं तिनं कधीच म्हटलं नव्हतं. खरंय. तरी तिचाही राग आला. का, ते धड सांगता येणार नाही.
जाऊबाईंना म्हटलं, विरजण देते, पण गोळी चालू ठेवायची नि मटणाच्या जागी हे खायचं. त्यांचा चेहरा पडला. "मंग काय उपेग?"

६ फेब्रु.
पुडी चुलीत टाकायला काढली. हे दारातल्या ओट्यावर बसले होते.
"टाकू नगं."
म्हटलं, "का? गोळी चुकवायला निमित्त हवं?"
"घेतो गोळी. काल घेतली, आजबी घेतली."
मग स्वतःच्या वहाणांकडं बघत म्हणाले, "चव काय लई भारी न्हाई त्याची. पण लावलं न्हाई तर पोरगी रोज फोन कशापायी करंल?"
मला रडू आलं. पुडी परत फडताळात.

१० फेब्रु., सोम.
मंचरला रक्त देऊन आलो. गोळ्या बंद केल्याचं यांनी डॉक्टरांना स्वतः सांगितलं, मान खाली घालून. रिपोर्ट उद्या. वाईट आला तर निदान धडा. चांगला आला तर श्रेय हे कुणाला देतील, याचीच मला जास्त धास्ती.
सोयाबीन भिजत घातलंय.
संध्याकाळी फोन. आज जाळीचं काही नाही, पहिलाच प्रश्न, "दादा, गोळी घेतली?"
"घेतली."
आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "उद्याबी इचार."